वाफेचे माप

डॉ. जॉन स्नो हे नाव ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते बहुधा एका पंपाच्या दांड्यामुळे ऐकले असेल. लंडनमधील ब्रॉड स्ट्रीट, १८५४ सालची पटकीची साथ, दूषित पाणी आणि काढून टाकलेला तो दांडा ही हकीकत आरोग्यशास्त्राच्या पुस्तकांत हटकून असते. पण स्नोच्या आयुष्याचे दिवस मोजले, तर पटकीच्या वाट्याला त्यातले थोडेच येतात. त्याची रोजची भाकरी वेगळ्याच कामावर होती. तो रोग्यांना भूल देत असे, आणि ती देण्यासाठी लागणारे उपकरण स्वतः आखून तयार करून घेत असे. या लेखात त्या उपकरणांची आणि त्यांमागच्या माणसाची हकीकत सांगावयाची आहे. आपल्या कला शाखेच्या वाचकांना मध्ये थोडे पदार्थविज्ञान सोसावे लागेल, पण ते माठातल्या पाण्यापलीकडे जाणारे नाही.

जॉन स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी यॉर्क शहरात एका कष्टकरी कुटुंबात झाला. नऊ भावंडांत तो थोरला. चौदाव्या वर्षी, म्हणजे १८२७ साली, त्याला न्यूकॅसल येथे विल्यम हार्डकॅसल नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारीस ठेवले. त्या काळी गरिबाघरच्या मुलाला डॉक्टर होण्याचा रस्ता हाच होता. गुरूच्या घरी राहायचे, औषधे खलायची, जखमा बांधायच्या आणि पाहून शिकायचे. १८३१-३२ मध्ये त्या भागात पटकी आली, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या या पोराला किलिंगवर्थच्या कोळसा खाणीवर खाणकामगारांची शुश्रूषा करण्यासाठी पाठविले होते. जमिनीखाली कोंडलेल्या हवेत राबणारी माणसे त्याने तिथे पाहिली. याच सुमारास त्याने मांसाहार सोडला आणि दारूला कधी न शिवण्याचे ठरविले. बोलणे कमी, आवाज घोगरा, राहणी साधी. लग्न त्याने पुढेही केले नाही. मैफलीत रंग भरणारा माणूस तो नव्हताच.

१८३६ साली पुढच्या शिक्षणासाठी तो लंडनला निघाला, आणि गेला तो पायी चालत. तिथल्या शवविच्छेदनाच्या वर्गात प्रेते टिकावीत म्हणून सोमलाचा वापर होई, आणि विद्यार्थी आजारी पडत. सोमलाचा अंश हवेत मिसळून छातीत जातो हे स्नोने ओळखले. याच सुमारास बाजारात सोमल घातलेल्या, छान पांढऱ्या दिसणाऱ्या मेणबत्त्या आल्या होत्या. त्यांच्या धुराच्या चौकशीतही त्याने भाग घेतला. १८३८ मध्ये परवाना मिळाला आणि सोहो भागात फ्रिथ स्ट्रीटवर त्याने दवाखाना थाटला. रोगी फार येत नसत. १८४१ मध्ये वेस्टमिन्स्टर मेडिकल सोसायटीपुढे त्याने पहिला महत्त्वाचा निबंध वाचला, तो जन्मतःच न रडणाऱ्या, श्वास न घेणाऱ्या अर्भकांवर. त्यांच्या फुप्फुसांत हवा भरण्याच्या एका लहानशा पंपाचे वर्णनही त्यात होते. म्हणजे भूल हा शब्दही कोणी उच्चारत नव्हते तेव्हापासून हा माणूस एकाच गोष्टीचा विचार करीत होता: माणसाच्या छातीत कोणती हवा जाते आणि किती जाते?

भुलेच्या आधीच्या शस्त्रक्रियेचे वर्णन येथे करीत नाही. रोग्याला चार माणसांनी धरून ठेवायचे आणि शल्यवैद्याने शक्य तितक्या लवकर पाय कापायचा, एवढे सांगितले तरी पुरे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रोग्याला वेदनारहित करून दाखविले. डिसेंबरात ही वार्ता बोटीने लंडनला पोचली. १९ तारखेला रॉबिन्सन या दंतवैद्याने ईथर देऊन दात काढला आणि २१ तारखेला लिस्टन या नामांकित शल्यवैद्याने ईथरखाली पाय कापला. मॉर्टनने आपल्या युक्तीचे पेटंट घेतले होते आणि ईथरला रंग व सुवास देऊन तो ओळखू येऊ नये अशी खटपटही केली होती. पण वास काही लपला नाही! बघता बघता लंडनमध्ये ईथरची लाट आली.

या लाटेची एक गंमत स्नोचा मित्र आणि पहिला चरित्रकार बेंजामिन वॉर्ड रिचर्ड्सन याने नमूद केली आहे. एके दिवशी स्नोला वाटेत एक औषधविक्रेता भेटला. बगलेत ईथरचे भले मोठे यंत्र आणि पायांत घाई. इतकी बोलावणी येताहेत की थांबायला सवड नाही, असे सांगून तो पुढे निघून गेला. स्नोने विचार केला, की ज्याला शरीराची काही माहिती नाही त्याला जर हा व्यवसाय जमतो, तर आपल्यालाही थोडाफार जमावा.

परंतु स्नोने आरंभ केला तो व्यवसायाने नव्हे, प्रश्नाने. तेच ईथर, तीच बाटली. तरी एक रोगी शांत झोपतो, दुसरा हातपाय झाडतो, खोकतो, आरडाओरडा करतो, आणि तिसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही. काही डॉक्टर वैतागून ईथरचा नाद सोडू लागले होते. रोग्यारोग्याची प्रकृती निराळी, असे म्हणून बहुतेकांनी समाधान करून घेतले. स्नोने बोट ठेवले ते बाटलीवर. हातावर स्पिरिट लावले तर तिथे गार लागते. माठातले पाणी झिरपून उडते म्हणून आतले पाणी थंड राहते. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती जवळच्या वस्तूतून ओढून घेतली जाते. ईथर तर कमालीचे उडणारे. काचेच्या बाटलीत स्पंज ठेवून त्यावर ईथर ओतले आणि रोगी श्वास घेऊ लागला, की दोन मिनिटांत बाटली बर्फासारखी गार होते. गार ईथरची वाफ कमी. आजच्या मापाने सांगायचे, तर २० अंश सेल्सिअसला ईथरने तृप्त झालेल्या हवेत निम्म्याहून अधिक ईथर असते, १० अंशांना सुमारे ३८ टक्के, आणि शून्य अंशाला केवळ चौथा हिस्सा. म्हणजे जानेवारीच्या थंडीत दिलेली भूल आणि शेकोटीजवळ दिलेली भूल ही दोन वेगळी औषधे झाली! आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही.

जानेवारी १८४७ मध्ये स्नोने कोणत्या तापमानाला हवेत किती ईथर मावते याचे कोष्टकच तयार करून सोसायटीपुढे मांडले आणि पाठोपाठ आपले यंत्र दाखविले. ईथर लंडनात येऊन पुरा दीड महिनाही झाला नव्हता.

हे यंत्र दिसायला अगदी सामान्य होते. पत्र्याचा एक चपटा, गोल डबा. आत शंखातल्या वळणासारखी फिरत जाणारी पत्र्याची भिंत. हवा एका बाजूने शिरून ईथरवरून गोल गोल फिरत मध्यापर्यंत येते, त्यामुळे वाफ घेण्याला तिला पुरेसा वेळ मिळतो. वळणाची ही कल्पना ज्युलियस जेफ्रीज याच्या हवा दमट करण्याच्या उपकरणावरून सुचली. हा जेफ्रीज हिंदुस्थानात कंपनीच्या नोकरीत डॉक्टर होता. डबा काचेचा नव्हे, धातूचाच, कारण धातूतून उष्णता सहज जाते. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे हा डबा पाण्याच्या भांड्यात ठेवायचा. ईथर जितकी उष्णता गमावील तितकी पाणी भरून काढते. पाण्याचे तापमान ठरवले, की वाफेचे प्रमाण ठरले. शिकाऊ माणसाच्या हातीही तेच, उस्तादाच्या हातीही तेच.

डबा झाला, आता दुसरे टोक, म्हणजे रोग्याचे तोंड. त्या काळच्या यंत्रांत रोग्याने ओठांत नळी धरायची आणि नाकाला चिमटा लावायचा अशी रीत होती. नळ्याही अरुंद. विचार करा, आधीच भेदरलेला माणूस, नाक बंद आणि तोंडात बारीक नळी. तो गुदमरणार नाही तर काय? स्नोने नळी रुंद केली, श्वासनलिकेत जशी हवा मोकळी जाते तशीच यातून जावी म्हणून. नॉटिंगहॅमच्या सिब्सन या डॉक्टराने नाक व तोंड दोन्ही झाकणारा मुखवटा केला होता; तो घेऊन स्नोने त्यात सुधारणा केली. मुखवटा शिशाच्या पातळ पत्र्याचा, म्हणजे हाताने दाबून त्या त्या चेहऱ्यावर बसवता येणारा. मुलांसाठी लहान मुखवटा वेगळा. उच्छ्वासाच्या झडपेची तर त्याने फारच साधी युक्ती केली. ती बाजूला सरकवता येई. सुरुवातीला झडप उघडी ठेवायची, म्हणजे रोग्याला बव्हंशी नुसती हवाच मिळते. तो घाबरत नाही, खोकत नाही. मग हळूहळू झडप सरकवत वाफ वाढवायची. एका बोटाची हालचाल, आणि डोळे सारखे रोग्याच्या चेहऱ्यावर. हे उपकरण फर्ग्युसन नावाच्या कारागिराने घडविले आणि स्नोने त्याचे सविस्तर वर्णन छापून टाकले, ज्याला हवे त्याने करून घ्यावे म्हणून.

त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचे ईथरवरचे छोटे पुस्तक निघाले. त्यात भुलेच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. कोणत्या पायरीवर डोळे कसे फिरतात, श्वास कसा चालतो, अंग किती सैल पडते, आणि कापायला सुरुवात केव्हा करावी हे सारे त्यात आहे. यंत्र कितीही चांगले असले तरी ते वापरणाऱ्याने काय पाहायचे हे सांगितल्याशिवाय काम पुरे होत नाही, हे त्याने जाणले होते. सेंट जॉर्ज रुग्णालयात आणि मग इतरत्र शल्यवैद्य त्याला बोलावू लागले. भूल देणे हाच मुख्य व्यवसाय करणारा इंग्लंडमधला पहिला डॉक्टर म्हणून त्याचे नाव घेतात ते यामुळे.

आणि इतक्यात क्लोरोफॉर्म आले. नोव्हेंबर १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन याने ते स्वतःवर व मित्रांवर जेवणाच्या मेजाशी करून पाहिले आणि काही दिवसांतच जगजाहीर केले. ईथरपेक्षा गोड वास, थोडक्या थेंबांत काम, आणि यंत्राची गरज नाही. रुमालावर ओतावे आणि नाकाशी धरावे. कोणाला हे आवडणार नाही? ईथरची यंत्रे अडगळीत गेली.

२८ जानेवारी १८४८ रोजी न्यूकॅसलजवळच्या विनलॅटन गावी हॅना ग्रीनर नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीच्या पायाच्या बोटाचे नख काढायचे होते. याआधी दुसऱ्या पायाचे नख ईथर देऊन सुखरूप काढले होते. या खेपेस कापडावर चमचाभर क्लोरोफॉर्म ओतून तिच्या नाकाशी धरले. काही मिनिटांतच ती मुलगी गेली. पायाच्या नखासाठी! क्लोरोफॉर्मचा हा पहिला नोंदलेला बळी.

कोणी म्हणाले, फुप्फुसांत रक्त साकळले. सिम्प्सनने दोष दिला तो शुद्धीवर आणण्यासाठी तिच्या घशात ओतलेल्या ब्रँडीला. स्नोने पुन्हा हिशेब मांडला. खोलीतल्या सर्वसाधारण तापमानाला क्लोरोफॉर्मने तृप्त हवेत त्याचे प्रमाण पाचव्या हिश्श्यापर्यंत जाऊ शकते. त्याच्या मते सुरक्षित प्रमाण शंभरात चार-पाच भाग. शस्त्रक्रियेपुरती गुंगी यायला रक्तात जितके क्लोरोफॉर्म लागते, त्याच्या दुपटीत श्वासच बंद पडतो. अंतर एवढे थोडे. रुमाल नाकाशी किती जवळ आहे, वारा कुठून येतो आहे, ओतणाऱ्याचा हात किती सैल आहे यावर प्रमाण ठरत असेल, तर दोन-चार श्वासांत ही मर्यादा ओलांडली जाते. रोगी निपचित पडलेला दिसेतो छातीत भरलेली वाफ रक्तात उतरतच राहते आणि हृदय थांबते. त्याच्या लेखी मुलीच्या प्रकृतीत किंवा क्लोरोफॉर्मच्या जातीत दोष नव्हता. दोष होता न मोजण्यात.

त्याने क्लोरोफॉर्मसाठी नवे यंत्र केले. धातूचे दुहेरी नळकांडे, आतल्या भागात टिपकागद, त्यावर क्लोरोफॉर्म, भोवती पाणी. तोच मुखवटा, तीच सरकती झडप.

येथे सिम्प्सनची बाजूही ऐकायला हवी. यंत्र पाहून रोगी घाबरतो, विशेषतः बाळंतीण आणि मुले. खेड्यातल्या डॉक्टरच्या पिशवीत यंत्र नसते, रुमाल असतोच. आडवेळी, आडगावी जे हाताशी असते त्यालाच साधन म्हणायचे. हा युक्तिवाद मला तरी पोकळ वाटत नाही. वापरायला अवघड असलेले सुरक्षित साधन कोपऱ्यात धूळ खात पडते. स्नोलाही हे पटत असावे, कारण यंत्र नसेल तेव्हा क्लोरोफॉर्ममध्ये स्पिरिट मिसळून ते पातळ करावे, म्हणजे रुमालावरूनही फार दाट वाफ येणार नाही, असा तोडगा त्याने सुचविला होता. आणखी एक प्रयोग त्याने केला. मोठ्या पिशवीत मोजून हवा भरायची, त्यात मोजून क्लोरोफॉर्म सोडायचे, म्हणजे शंभरात नेमके चार भाग. मग चूक होऊच शकत नाही. पद्धत सर्वांत निर्धोक आहे हे त्याने सांगितले आणि फार अडचणीची आहे म्हणून स्वतःच बाजूला ठेवली. त्याच्या मागून १८६२ साली जोसेफ क्लोव्हर या डॉक्टरने हीच कल्पना उचलून पाठीवर टाकता येणारी पिशवी केली.

७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणासाठी स्नोला राजवाड्यात बोलावणे आले. राजपुत्र लिओपोल्डचा जन्म झाला. आणि गंमत अशी की, यंत्राचा हा कट्टर पुरस्कर्ता तिथे घडी केलेला रुमाल घेऊन उभा होता! प्रत्येक कळेबरोबर मोजके पंधरा थेंब, असे ५३ मिनिटे. राणी पूर्ण बेशुद्ध व्हायला नको होती, केवळ वेदना बोथट व्हायला हव्या होत्या. माप त्याच्या हातात इतके बसले होते, की तेवढ्यापुरते रुमालाने भागत होते. १८५७ मध्ये राजकन्या बिॲट्रिसच्या वेळीही त्यालाच बोलावले. बाळंतपणातल्या वेदना हा देवाचा नेम आहे म्हणणाऱ्यांची तोंडे यामुळे बरीच बंद झाली.

पण स्नोच्या हातून कोणी दगावलेच नाही असे मात्र नाही. चार हजारांहून अधिक वेळा त्याने क्लोरोफॉर्म दिले आणि त्यात क्लोरोफॉर्मवर घालावा असा एकच मृत्यू झाला. क्लोरोफॉर्मने होणाऱ्या उलट्या टाळण्यासाठी त्याने १८५६ च्या अखेरीस अमायलीन नावाचे नवे द्रव्य वापरायला घेतले. प्राण्यांवर करून पाहिले, प्रमाण ठरविले, यंत्र होतेच. एकशे चव्वेचाळिसावा रोगी दगावला. त्याने कारण शोधले, काळजी वाढविली आणि पुढे चालू ठेवले. दोनशे अडतिसावाही दगावला. तेव्हा त्याने अमायलीन कायमचे बंद केले आणि दोन्ही मृत्यूंची हकीकत छापली. पहिल्याच मृत्यूनंतर तो का थांबला नाही, हा प्रश्न वाचताना मनात येतो. मोजमापावरचा विश्वास तिथे त्याला नडला असे मला वाटते.

पटकीविषयी थोडक्यात. हा रोग दुर्गंधीने पसरतो असे सारे मानत असताना वायूंचा हा अभ्यासक म्हणत होता की, छे, तो पाण्यातून पोटात जातो. वायू दूर जाताच किती झपाट्याने विरतो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीट परिसरात साथ भडकली. सहाशेंवर माणसे गेली. मृतांची घरे त्याने नकाशावर मांडली ती नंतर; ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हेही खरे. लोकांना पाणी पिऊ नका म्हणून सांगत बसण्यापेक्षा दांडाच काढणे, ही मात्र सरकत्या झडपेसारखीच रीत. पुढच्या वर्षी संसदीय समितीपुढे त्याने दुर्गंधीच्या मताविरुद्ध साक्ष दिली, तेव्हा लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकाने त्याची यथेच्छ टर उडविली.

१० जून १८५८ रोजी क्लोरोफॉर्मवरील मोठ्या ग्रंथाचे हस्तलिखित पुरे करीत असता त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि १६ जूनला तो गेला. वय अवघे पंचेचाळीस. ग्रंथ रिचर्ड्सनने त्याच वर्षी प्रसिद्ध केला. क्लोरोफॉर्मखाली झालेल्या पन्नास मृत्यूंची एकेक करून छाननी त्यात आहे. लॅन्सेटने दोन ओळींत त्याची बोळवण केली, पटकीचा उल्लेखही न करता. ती चूक त्यांनी दुरुस्त केली २०१३ साली! जुलै १८४८ पासून मृत्यूच्या महिन्यापर्यंत त्याने रोज लिहिलेल्या रोगनोंदींच्या तीन वह्या लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जपून ठेवल्या आहेत.

त्याचा वाद मात्र त्याच्याबरोबर संपला नाही, आणि तो पेटला आपल्याच दख्खनमध्ये. हैदराबाद संस्थानात, ज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, एडवर्ड लॉरी हा एडिंबरोच्या परंपरेतला डॉक्टर वैद्यकीय शाळेचा प्रमुख होता. निजाम सरकारच्या खर्चाने १८८८ व १८८९ मध्ये तिथे दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की, आधी श्वास थांबतो, हृदय नंतर. श्वासावर लक्ष ठेवले की क्लोरोफॉर्म निर्धोक. मापाची, यंत्राची गरज नाही! मृत्यू होतच राहिले. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने दाखवून दिले की, अर्धवट भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय अचानक बिघडून ते बंद पडू शकते. म्हणजे लॉरी चुकला होताच, आणि सारा दोष जादा मात्रेचा मानणारा स्नोही पुरता बरोबर नव्हता. यथावकाश क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाले.

ईथर मात्र बराच काळ टिकले. १९४१ मध्ये ऑक्सफर्डला मॅकिंटॉश व त्याच्या सहकाऱ्यांनी युद्धकाळासाठी ईथरचे यंत्र केले. त्यात ईथर गार पडू नये म्हणून गरम पाणी आणि वितळणारे क्षार यांचा उष्णतासाठा ठेवला होता. १९५६ साली त्यातूनच ई. एम. ओ. हे दणकट, वीज न लागणारे यंत्र निघाले आणि भारतासह अनेक देशांतल्या लहान रुग्णालयांत ते वर्षानुवर्षे वापरले गेले. ते उघडून पाहिले तर ईथरच्या कप्प्याभोवती एक बंद पोकळी दिसते. तिच्यात पाणी भरलेले असते.